तिसऱ्या चाकावरचं वजन

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. कोल्हापूर

आज काम पक्कं केलं. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात पहिल्या महायुद्धाची खोली उभी राहते आहे. त्या गावची माणसं बसऱ्याला गेली, फ्रान्सला गेली. काहींची पदकं अजून घरच्या देव्हाऱ्यात आहेत. खोलीसाठी फोटो, पत्रं, पदकं जमली आहेत, पण पोरांनी हात लावून बघावी अशी एकही वस्तू नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, लाकडाची मशीनगन करून द्याल का?" मी म्हटलं, करीन, पण मोटारसायकलच्या साइडकारवर बसवलेली. पाव मापाची, सागवान आणि पितळेची.

नुसती मशीनगन समोर ठेवली की मुलं तिच्या नळीकडे बघतात आणि तोंडाने आवाज काढतात. तीच गाडीवर चढवलेली दाखवली की निराळे प्रश्न सुरू होतात. ही वाहायची कुणी? गोळ्या कुठे ठेवायच्या? पाणी कुठून आणायचं? गाडी चालवणाऱ्याने काय करायचं? इतकी वर्षं आयटीआयमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवताना मी पोरांना हेच सांगत आले की सुटा भाग काढू नका, तो कशाला जोडलाय ते आधी काढा.

नमुना ठरला आहे: क्लायनो मोटारसायकल, व्हिकर्स मशीनगन, साल १९१५.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर वाचन आणि टिपणं.

चाकांवर मशीनगन चढवायची कल्पना साइडकारच्याही आधीची. १८९९ मध्ये फ्रेडरिक सिम्स नावाच्या इंग्रज उद्योजकाने चार चाकांच्या एका हलक्या मोटार-सायकलीवर मॅक्झिम गन बसवली आणि पुढे लोखंडी ढाल लावली. इंजिन होतं दीड अश्वशक्तीचं. 'मोटर स्काउट' असं नाव दिलं. गाडी चालवणारा आणि गोळ्या झाडणारा माणूस एकच. हँडल सोडल्याशिवाय त्याला बंदूक धरता येणार नाही आणि बंदूक सोडल्याशिवाय हँडल. लष्कराने ती घेतली नाही याचं मला नवल वाटत नाही.

साइडकार आली ती १९०३ च्या सुमाराला, बायकोला किंवा मित्राला शेजारी बसवून फिरायला नेण्यासाठी. तिने सिम्सची अडचण परस्पर सोडवली. चालवणारा वेगळा, बंदूकवाला वेगळा, प्रत्येकाला आपली जागा.

क्लायनो हा इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा कारखाना. फ्रँक आणि एल्विन स्मिथ या दोन चुलतभावांचा. त्यांची ७४४ सीसीची, दोन सिलिंडरची, तीन गिअरची मोटारसायकल साइडकार ओढायला दणकट म्हणून आधीच नावाजलेली होती. महायुद्ध पेटल्यावर व्हिकर्स कंपनीच्या साथीने त्यांनी तिच्यासाठी बंदुकीची साइडकार तयार केली. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी 'मोटर मशीन गन सर्व्हिस' काढली. ती तोफखान्याच्या पोटात होती, पायदळाच्या नव्हे. भरतीसाठी 'द मोटर सायकल' या साप्ताहिकाचे संपादक जेफ्री स्मिथ यांनी पुढाकार घेतला, कारण मोटारसायकल येणारी माणसं त्यांच्या वाचकांतच होती.

या सर्व्हिसच्या एका बॅटरीत, म्हणजे तुकडीत, बंदुका ६ आणि साइडकारवाल्या मोटारसायकली १८. हा आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला आहे. सहांवर बंदूक, उरलेल्या बारांवर काडतुसं आणि सुटे भाग. एका बंदुकीमागे दोन गाड्या नुसत्या ओझ्याच्या. शिवाय सुट्या मोटारसायकली वेगळ्या, आणि सामानाच्या मोठ्या गाड्याही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वजनांचा तक्ता केला. पौंडांचे किलो केले, कारण पोरांना किलो कळतात.

व्हिकर्स गन, पाण्याविना: १५ किलो. नळीभोवतीच्या जाड पत्र्याच्या डब्यात, म्हणजे जॅकेटमध्ये, मावणारं पाणी: ४ लिटर. तिपाई: बावीस-तेवीस किलो. २५० काडतुसांचा कापडी पट्टा पेटीसकट: दहा किलोच्या आसपास. अशा पेट्या चार धरल्या तर बंदूकवाला माणूस बसायच्या आधीच साइडकारवर ऐंशी किलो चढले. तो बसला की दीडशे.

तिपाई बंदुकीपेक्षा जड आहे, हे पाहून थांबले. गाडीवर खिळून ठेवायची आणि गाडीवरूनच चालवायची बंदूक असती तर एवढं धूड सोबत कशाला घेतलं असतं? आखणारांनी साइडकारवर तिपाईला जागा केली, याचा अर्थ बंदूक खाली उतरवायची हे त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. जुनी छायाचित्रं बघताना आपण फसतो. छायाचित्रकाराला माणूस बंदुकीमागे बसलेला, नळी समोर रोखलेली अशीच हवी असते. पण गाडीचं काम बंदूक वेळेवर पोचवण्याचं. पोचल्यावर ती जमिनीवर, एखाद्या बांधाच्या आडोशाला.

मॉडेलमध्ये मला हेच दाखवायचं आहे. बंदूक सुटी निघाली पाहिजे, आणि मुलाच्या हाताने निघाली पाहिजे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्यमनगरात पॅटर्नवाल्या मिस्त्रींकडे गेले. फाउंड्रीच्या ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करण्यात त्यांची हयात गेली. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर कापून येतं, त्यामुळे त्यांना वेळ आहे. ड्रॉइंग पुढ्यात पसरलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"बाई, ह्ये तिसरं चाक मागच्या चाकाच्या सरळीत न्हाई. म्होरं हाय."

"होय. मुद्दाम."

"आन गाडी बी जरा भायेर कललीया."

"तेही मुद्दाम."

मग त्यांना साइडकारचं गणित सांगितलं, कारण त्याशिवाय ते लाकडाला हात लावणार नाहीत. इंग्रजांकडे वाहन डावीकडून चालतं, म्हणून साइडकार डाव्या अंगाला. इंजिन मात्र उजव्या अंगाला, मोटारसायकलीत. वेग वाढवला की मोटारसायकल पुढे धावते आणि साइडकार मागे ओढते, म्हणून तोंड डावीकडे वळू बघतं. ब्रेक लावला की उलटं: साइडकारचा जोर पुढे जातो आणि तोंड उजवीकडे वळतं. म्हणून तिसरं चाक किंचित आतल्या बाजूला तोंड करून बसवतात आणि मोटारसायकल थोडी बाहेर कलवतात. मागच्या चाकापेक्षा ते थोडं पुढे घेतात, म्हणजे उजव्या वळणावर साइडकारचं नाक जमिनीत रुतत नाही.

मिस्त्री म्हणाले, "म्हंजे जू सारखं न्हवं. एकच बैल वडतोय आन दुसऱ्याच्या जागी गाडाच बांधलाय."

इतक्या नेमक्या शब्दांत मला ते कधी सांगता आलं नसतं.

डाव्या वळणावर रिकाम्या साइडकारचं चाक जमिनीवरून उचललं जातं. नवखा चालक तिथेच पालथा पडतो. दीडशे किलो वजन असलं तर ते चाक खाली दबून राहतं. म्हणजे बंदूक, पाणी आणि काडतुसं डाव्या वळणावर चालकाला मदतच करत होती. आणि काडतुसं संपत आली, बंदूक उतरली, की तीच गाडी परतीच्या वाटेवर डावीकडे वळताना अधिक बेभरवशाची व्हायची. कुठल्याही पुस्तकात हे मला वाचायला मिळालेलं नाही, पण ड्रॉइंग बोर्डवर ते स्वच्छ दिसतं.

मागे सुटं चाक अडकवलेलं आहे. तिन्ही चाकं एकमेकांच्या जागी बसतात, एकच स्टेपनी तिघांनाही चालते. हा विचार ज्याने केला त्याला रस्ता ठाऊक होता. "चाकं साऱ्यांत आधी करतो," मिस्त्री म्हणाले. आरे मात्र तारेचेच हवेत असा हट्ट त्यांचा. मलाही तेच हवं आहे.

६ मार्च, गुरुवार

गोळीचा धक्का किती, याचा हिशेब आज मांडला. शाळेचे एक विज्ञान शिक्षक फोनवर म्हणत होते की बंदूक चालवली की साइडकार उलटत असेल.

गोळीचं वजन ११ ग्रॅमच्या वर, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. गोळीसोबत जळलेल्या दारूचा वायूही पुढे फेकला जातो, त्याचाही धक्का मागे येतो. मिनिटाला साडेचारशे ते पाचशे गोळ्या, म्हणजे सेकंदाला आठ धरल्या तर सरासरी जोर निघतो दहा किलोच्या आसपास. दीड-दोन मण पोतं उचलणाऱ्या माणसाला दहा किलो म्हणजे काहीच नाही. गाडी उलटायची नाही.

तरीही गाडीवरून नेम लागत नाही, आणि त्याचं कारण ह्याच आकड्यात आहे. तो जोर सलग येत नाही. सेकंदाला आठ ठोके येतात. खाली स्प्रिंगा आहेत, हवेचे टायर आहेत. प्रत्येक ठोक्याला साइडकार डोलते आणि सावरायच्या आत पुढचा ठोका. शिवाय बंदूक गाडीच्या मधोमध नाही, एका अंगाला आहे, त्यामुळे ढकलणं सरळ मागे जात नाही, तोंड थोडं फिरवतं. जमिनीत पाय रोवलेल्या जड तिपाईवर हे सगळं बंद होतं. बावीस किलोंचं उत्तर इथे मिळालं.

दिशेचंही बघितलं. नळी पुढे धरली तर उजव्या हाताला चालक आणि हँडल. तिकडे वळवायला जागा नाही. नळी मागे धरली तर मागचं मैदान मोकळं, आणि चालकाचं तोंड सुटायच्या रस्त्याकडे. माघार घेताना शेवटी राहणाऱ्यांना हीच रचना उपयोगी. क्लायनोवर पुढे आणि मागे, दोन्हीकडे बंदूक रोखायची सोय होती. काही छायाचित्रांत पुढे पोलादी ढालही दिसते. पण माझ्या मॉडेलला ढाल नाही: तिच्यामुळे बंदूकवाल्याची जागा झाकली जाते, आणि पोरांना तिथे माणूस बसतो हे दिसलं पाहिजे.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

उद्यमनगर बंद. घरीच पितळी नळीचं जॅकेट लेथवर फिरवून आणलेलं घासत बसले. खऱ्या जॅकेटवर लांबीला समांतर पन्हळी असतात. काही बंदुकांची जॅकेटं गुळगुळीतही होती. मी पन्हळीची घेतली.

पाण्याविषयी. सतत गोळीबार केला तर सुमारे ६०० गोळ्यांनंतर जॅकेटमधलं पाणी उकळायला लागतं. वाफ रबरी नळीतून एका डब्यात नेतात, ती तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते, ते परत जॅकेटमध्ये ओततात. त्यात दोन फायदे: पाणी वाचतं, आणि वाफेचा ढग वर उठत नाही, त्यामुळे शत्रूला जागा कळत नाही. फ्रान्सच्या चिखलात पाणी सगळीकडे. पण अशा गाड्या पुढे हिंदुस्थानातही आल्या. तिथे, रावळपिंडीच्या मे महिन्यात, ही चार लिटर कुणाच्या वाट्यातून काढली जायची?

२२ मार्च, शनिवार. नगर

भाच्याच्या गाडीने नगरला गेले, कॅव्हलरी टँक म्युझियम बघायला. लष्कराने १९९४ मध्ये हे संग्रहालय उघडलं. मी गेले ती मुख्यतः रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीसाठी.

ऊन चढलं होतं. रणगाड्यांमध्ये ती गाडी लहान वाटते, आणि साइडकारशी तुलना केली की प्रचंड. ड्रॉइंग वहीत ती काढत असताना एक निवृत्त सुभेदारसाहेब जवळ येऊन उभे राहिले. कशासाठी काढताय म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, बंदूक कुठल्याही गाडीवर चढते. तिला खाऊ कोण घालणार, ते आधी बघायचं."

चिलखती गाडीने साइडकारचं काय केलं ते इथे उभं राहिल्यावर समजतं. पत्र्याच्या आत माणूस, फिरणारा बुरूज, पाणी आणि काडतुसं सगळं आत. उतरवायची गरजच नाही. साइडकारवरच्या माणसाला गोळी अडवायला अंगावरचा कोट तेवढा. पण हीच जड गाडी मऊ रस्त्यावर रुतली की दहा माणसांना ढकलावी लागते, आणि साइडकार तिघं जण उचलून बांधापलीकडे ठेवतात.

परतताना भाचा म्हणाला, "मावशी, एवढं सगळं शाळेच्या पोरांना कळेल का?" कळेल. पोरांना वजन कळतं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, दुपारी मुख्याध्यापकांचा फोन. सत्कार समितीतल्या एकांचं म्हणणं आहे की मॉडेल दिमाखदार हवं: नळी समोर, बॅटरीवर लुकलुकणारा लाल दिवा आणि स्पीकरमधून गोळ्यांचा आवाज. मी स्पष्ट नाही म्हटलं. दिवा नाही, आवाज नाही. फार रागावले नाही, पण सौम्यही बोलले नाही. ज्या गावातल्या घरांत बसऱ्याहून परत न आलेल्यांचे फोटो आहेत तिथे गोळीबाराचा आवाज बटणावर वाजवायचा नाही.

कुत-अल-अमाराचं त्यांना सांगितलं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली ती मुख्यतः उपासमारीने. मुख्याध्यापक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणाल तसं."

रात्री उरलेलं लिहून काढलं. फ्रान्समध्ये ह्या साइडकारींचं काय झालं? १९१४ चं शेवटचं पान उलटेपर्यंत तिथली लढाई खंदकांत जाऊन बसली. समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदक; मोटारसायकल घेऊन जायचं कुठे? भरपूर उत्साहाने भरती झालेली माणसं निरोप पोचवत, रस्ते राखत, नाहीतर बंदुका खांद्यावर घेऊन खंदकात बसत राहिली. ऑक्टोबर १९१५ मध्ये ही सर्व्हिस नव्या मशीन गन कोअरमध्ये गेली. १९१६ मध्ये अनेक बॅटऱ्या मोडल्या. यंत्राची सवय झालेले त्यांतले बरेच जण एका गुप्त खात्यात घेतले गेले, आणि १५ सप्टेंबर १९१६ ला फ्लेर-कुर्सलेतला जे पहिले रणगाडे चालले त्यांत ते होते. रणगाड्याच्या इतिहासात साइडकारचं नाव क्वचित निघतं. निघायला हवं. मार खाऊनही इंजिन चालू ठेवणारी माणसं तिथूनच आली.

५ एप्रिल, शनिवार

मिस्त्रींनी चाकं दिली. तारेचे आरे, खरे. फिरवून दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते लिहून दाखवता येणार नाही.

चहा पिताना त्यांचा नातू विचारत होता की सिनेमात जर्मन सैनिक साइडकारवरून धडाधड गोळ्या झाडतात ते खोटं का. अगदी खोटं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या साइडकारवर एमजी-३४ असे. ती हवेने थंड होते, पाण्याचं ओझं नाही, बरीच हलकी. अचानक गाठ पडली तर बसल्या जागेवरून चालवता येई. पण त्यांच्याकडेही मोटारसायकल पलटणींचं खरं काम लवकर पोचून उतरायचं आणि पायी लढायचं. बीएमडब्ल्यू आर-७५ तर यंत्र म्हणून अप्रतिम: साइडकारच्या चाकालाही इंजिनाचा जोर, कुलूप लावता येणारा डिफरन्शियल, उलटा गिअर. साइडकार उजवीकडे, कारण तिथे वाहन उजवीकडून चालतं. इंग्रजांच्या नॉर्टन बिग फोरलाही तिसऱ्या चाकाला जोर होता, पण डिफरन्शियल नव्हता, त्यामुळे पक्क्या रस्त्यावर तो जोर तोडावा लागे.

ही सगळी हुशारी १९४१ च्या शरदात रशियाच्या चिखलात अडकली. बारीक धूळ आणि चिखल इंजिनात जाऊ नये म्हणून पुढे आर-७५ चा एअर फिल्टर इंजिनाजवळून काढून पेट्रोलच्या टाकीवर नेला. रशियनांनी बीएमडब्ल्यूच्याच जुन्या आर-७१ वरून आपली एम-७२ केली, तिच्या साइडकारवर देगत्यारोव्ह मशीनगन, आणि जर्मन जवळ आल्यावर कारखानाच मॉस्कोहून उरल पर्वतापलीकडच्या इर्बितला हलवला. तिथली उरल मोटारसायकल त्याच वंशातली. तिकडे अमेरिकेची जीप आली आणि बाकीच्यांचा प्रश्नच मिटला: चार चाकं, चार माणसं, बंदूक मधोमध, शिकायला सोपी.

मॉडेलमध्ये यातलं काही येणार नाही. नातवाला मात्र सांगितलं.

९ एप्रिल, बुधवार

काही बॅटऱ्या फ्रान्सखेरीज इतर आघाड्यांवर पाठवल्या. २२ वी बॅटरी १९१६ मध्ये भारतात आली आणि वायव्य सरहद्दीवर राबली. मे १९१९ मध्ये तिसरं अफगाण युद्ध सुरू झालं तेव्हा मोटर मशीनगन बॅटऱ्या खैबरच्या बाजूला होत्या. खंदक नाहीत, अंतरं लांब, रस्ते थोडे पण कामचलाऊ: साइडकारची जागा अशा मुलखात.

शाळेच्या फलकावर हे लिहायचं का? लिहायचं. गाडी इंग्लंडची, पण ती हिंदुस्थानच्या खर्चाने हिंदुस्थानच्या रस्त्यांवर फिरली. आणि समोर होते ते कैसरचे सैनिक नव्हते; अफगाण फौज होती, आणि डोंगरातल्या टोळ्या होत्या, ज्यांच्याकडे मशीनगन नव्हती.

१३ एप्रिल, रविवार

आजच्या तारखेला १९१९ मध्ये अमृतसरला ब्रिटिश जनरल डायर दोन चिलखती गाड्या घेऊन निघाला होता, मशीनगन बसवलेल्या. जालियनवाला बागेकडे जाणारी वाट अरुंद. गाड्या आत जाईनात, म्हणून त्या बाहेर ठेवून तो रायफलवाले शिपाई घेऊन आत गेला. दहा मिनिटं, १६५० गोळ्या. सरकारी आकडा ३७९ मृत. लोकांचा आकडा त्याहून फार मोठा.

नोव्हेंबरमध्ये लाहोरला चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे डायरची साक्ष झाली. मुंबईचे चिमणलाल सेटलवाड समितीवर होते. त्यांनी डायरला विचारलं की वाट रुंद असती तर मशीनगन चालवल्या असत्या का. बहुधा चालवल्या असत्या, असं त्याचं उत्तर आहे. सेटलवाडांनी तो प्रश्न विचारला म्हणून ते उत्तर कागदावर राहिलं. ह्या माणसाचे आपण फार मोठे ऋणी आहोत, आणि आपल्या शाळांत त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आज मॉडेलला हात लावला नाही. ड्रॉइंग मात्र समोरच होतं, आणि त्यावर क्लायनोची रुंदी मीच लिहिलेली. साइडकारसकट ती चिलखती गाडीपेक्षा बरीच अरुंद आहे. वाहन जितकं सडपातळ तितकं ते कुठेही पोचतं, हाच तर या रचनेचा गुण म्हणून मी दोन महिने कौतुक करत आले. कुठेही म्हणजे कुठे, हा प्रश्न यंत्र आखणाऱ्याच्या कागदावर नसतो. तो असायला हवा. मी पोरांना ड्रॉइंग शिकवताना कधी तो विचारायला लावला नाही. कुणीच लावत नाही, कारण परीक्षेत त्याला गुण नाहीत.

फलकाच्या मजकुरात जालियनवाला घालणार. मुख्याध्यापकांना तसं कळवलं.

१९ एप्रिल, शनिवार

जोडणी. तिपाई मिस्त्रींनी शिसवाची केली, पाय घडी होतात. बंदूक खिळीवर बसते, खीळ काढली की वर उचलली जाते. पट्ट्यासाठी जुन्या खादीच्या नाड्या आणि पितळी तारेचे तुकडे. पाण्याचा डबा, रबरी नळी. चालकाच्या आसनावर कुणी नाही, बंदूकवाल्याच्याही नाही. माणसांऐवजी त्यांची ओझी ठेवली आहेत, प्रत्येकावर किलोचा आकडा.

मिस्त्रींनी बंदूक उचलून तिपाईवर ठेवली, पुन्हा साइडकारवर ठेवली. "बाई, गाडीपरीस हीच नीट बसली तिपाईवर."

१ मे, गुरुवार

निकालाचा दिवस, त्यामुळे सगळी मुलं शाळेत. झेंडावंदन झाल्यावर खोली उघडली. मी शेजारी उभी राहिले, पण काही सांगितलं नाही. पहिल्या मुलाने नळीकडे बोट रोखून आवाज काढलाच. दुसऱ्याने खीळ ओढली. बंदूक सुटली आणि त्याच्या हातात आली. तिचं काय करायचं म्हणून तो इकडेतिकडे बघायला लागला. सातवीतल्या एका मुलीने तिपाई उघडून पुढे केली. मग दोघांनी मिळून पट्टा, पेटी, पाण्याचा डबा, एकेक खाली उतरवलं. साइडकार रिकामी झाली.

त्या मुलीने आकडे बेरजेला घेतले. मग फलक वाचला, सहा बंदुका आणि अठरा गाड्या हे तिने बरोबर पकडलं. "बाई, मग बाकीच्या बारा कुठायत?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एक करू या, दारूगोळ्याची. नुसत्या पेट्या, सुटी नळी, पाण्याचे कॅन. मुलीलाच विचारलं, किती पेट्या ठेवायच्या. ती म्हणाली, चाक मोडणार नाही इतक्या. कितीला मोडेल ते काढून पाठव, असं सांगून तिला वजनांचा तक्ता दिला.

संध्याकाळी मिस्त्रींना फोन केला. सागवान उरलंय म्हणाले, चाकं कधी पायजेत तेवढं सांगा.